चार डझन हिरव्या

मार्च सरला नव्हता तरी ऊन सकाळी आठलाच पाठीत शिरत होतं. औशाच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात अमीरबी मनियारीण ओट्यावर बसून विकायच्या बांगड्यांवरची धूळ कोरड्याच फडक्यानं पुसत होती. फडकं ओलं करायलाही पाणी न्हाई. गावचा पंप बिघडल्यापासून अकरा दिवस नळ कोरडे.

तेवढ्यात वार्डातला होतकरू पुढारी श्रीशैल आला. मागं त्याची बहीण ऋतुजा, कमरेवर रिकामी घागर.

"चाची, चार डझन हिरव्या बांधा. दहाला पंचायतीवर मोर्चा हाय. सरपंचाला आहेर करायचा."

"माप काय सरपंचाच्या मनगटाचं?"

"भरायच्या थोड्याच हायत? टेबलावर ठेवायच्या, 'बांगड्या भर' म्हणायचं, फोटो काढायचा."

"म्हंजे नामर्द म्हणायचं."

"हाव!"

"म्हंजे बाईसारखा, माझ्यासारखा. न्हाई देत."

निकम्म्या माणसाला बांगड्या नेऊन देणं ही आमच्याकडची जुनी रीत. अमीरबीनंच कैक मोर्च्यांना हसत हसत पुरवल्या होत्या. पण या अकरा दिवसांत लांबच्या विहिरीवरून पाणी ओढून बायांची मनगटं सुजलेली. फुटक्या बांगड्या बदलताना ती सूज तिच्याच हाताला लागत होती.

श्रीशैल तडकला. "मोर्चा मोडाल चाची! पाणी तुमच्याबी नळाला न्हाई."

"मोर्च्याला येते की. सगळ्यांच्या म्होरं चालते."

"मंग मी लातूरहून आणीन."

"आण. तुझ्या मायला टेबलापुढं हुभी कर आन् तिच्या हाताकडं बघून म्हण."

ऋतुजानं घागर खाली ठेवली. "दादा, बांगड्या नेल्यास तर गल्लीतली एक बाई येणार न्हाई. मी घरोघर सांगून येते."

बायाच नसल्या तर मोर्चा कसला! श्रीशैलनं बांगड्यांचा नाद सोडला.

पंचायतीत सरपंच खुर्चीत रेलून हसला. "का हो, यंदा बांगड्या न्हाई आणल्या?"

"आणल्यात की!" अमीरबीनं दोन्ही हात टेबलावर आपटले. मागून तीस-चाळीस हात पुढं आले. "ह्या बगा. पंप कवा दुरुस्त व्हतो ते लिहून घ्यायला आल्यात. लिव्हा. सहीसकट."

सरपंचाचं हसू विझलं. त्यानं लिहून दिलं. अमीरबीला वाचता येत न्हाई; ऋतुजानं वाचलं, "गुरुवारपर्यंत."

"कंचा गुरुवार? तारीख घाला."

तारीख पडली, तेव्हाच हात टेबलावरून निघाले.

अमीरबी ओट्यावर परतली तर बांगड्या भरून घ्यायला शेजारची नीलाबाई कधीची खोळंबलेली.

"हात सैल सोड गं," म्हणत तिनं नीलाबाईची बोटं चेपायला घेतली.