पहिल्या घाण्याची रेकॉर्ड

आमच्या घरात एकच रेकॉर्ड तीन वेळा होती. म्हणजे तीच गाणारी बाई, तीच गाणी, कव्हरवर तोच तंबोरा, आणि अशा तीन. मी ह्यांना विचारायची, "अहो, एकीचा आवाज कमी पडतो का?" निवृत्त झाल्यावर माणसं तळ्याकाठी फिरायला जातात, हे भंगारवाल्यांकडे जायचे. तिन्हींतली एक तर कोन गावच्या भंगारवाल्याकडून आणलेली. मुळ्याच्या जुडीखाली लपवून आणली होती, मी ओरडीन म्हणून. ओरडलेच.

तेव्हा ह्यांनी मला समजवायचा प्रयत्न केला होता. म्हणाले, "तू चकल्या तळतेस. पहिला घाणा कुठला नि तिसरा कुठला, तोंडात घातल्याबरोबर कळतं ना तुला? तसंच आहे हे. कंपनी रेकॉर्ड काढते, संपली की परत काढते. दर वेळी मधला कागद, ते लेबल, थोडंसं बदलतं. लेबल वाचता आलं की घाणा कळतो."

"बरं," मी म्हटलं आणि कुकरच्या शिट्या मोजत बसले. लक्ष दिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

त्या तिघींतली एक आमची नव्हती, भाईंची होती. भाई म्हणजे ह्यांचे मित्र. इथेच पनवेलात मोहल्ल्यात घर, कुवेतला कितीतरी वर्षं फिटर होते. रेकॉर्ड त्यांच्या बायकोची, तिने माहेराहून आणलेली. ती गेल्यावर त्यांचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन बंद पडलं ते पडलंच. "तुमच्याकडे वाजत तरी राहील," म्हणून त्यांनी ह्यांच्याकडे ठेवायला दिली. एक भाईंची आहे एवढं मला ठाऊक होतं. कुठली ते नव्हतं.

हे गेले त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, कात्री, शिवणयंत्र, हल्ली मिक्सरसुद्धा. ह्यांच्या मशीनच्या लाकडी खोक्यालाही मी कुंकू लावायची, पण त्यापुढे जायची परवानगी नव्हती. "रेकॉर्डला हात लावायचा नाही हं," असं दर वर्षी बजावायचे. त्या वर्षी बजावणारं कोणी नव्हतं. मला वाटलं, ज्या वस्तूवर ह्यांचा सगळ्यात जीव, तिलाच कोरडी ठेवायची? त्या तिघींतली सगळ्यात वर ठेवलेली रेकॉर्ड काढली. कव्हरला काय लावायचं, म्हणून आतली बाहेर घेतली आणि लाल लेबलवर मधोमध ओलं हळदकुंकू लावलं, चांगलं अंगठ्याने दाबून. फूल ठेवलं, रडले, आणि ओली तशीच कव्हरात सरकवली. फार बरं वाटलं होतं हो तेव्हा.

थंडीत भाई आले. चहा घेतला, गप्पा झाल्या, मग जरा अवघडून म्हणाले, "वहिनी, एक तकलीफ द्यायची होती. लेक रोडपालीला राहायला आलीय. मशीन घेतलंय तिने नवीन. म्हणते, अब्बा, अम्मीची रेकॉर्ड आणा."

"आणते की! त्यात तकलीफ कसली?"

आत जाऊन तिन्ही पलंगावर काढल्या. कुंकू लावलेलीच्या लेबलाचा कागद फुगून सुरकुतला होता, हळद पसरून कडेपर्यंत गेली होती. आता ही भाईंच्या हातात कशी देऊ, हेच पहिलं मनात आलं. त्यांचं घर मुसलमानाचं, वर आमचं हळदकुंकू. लेक काय म्हणेल? ती मी कपाटातल्या चादरींखाली सारली. उरलेल्या दोन्ही स्वच्छ होत्या, त्यातली एक उचलून बाहेर नेली. भाईंची कुठली हे बघितलं नाही. खरं सांगते, बघायचं नव्हतंच मला.

भाईंनी चष्मा लावला, रेकॉर्ड अर्धी बाहेर काढून लेबल बघितलं, परत आत सरकवली. मी ती पिशवीत घालून वर गाठ मारून दिली. "शुक्रिया, वहिनी," म्हणाले आणि गेले.

महिन्याभराने ह्यांचं कपाट आवरताना एक लांब वही सापडली. पान पान भरून गोल काढलेले, प्रत्येक गोल म्हणजे एक लेबल. आमच्या तीन बहिणीही होत्या त्यात. 'एक: कडेची अक्षरं रुपेरी, पूर्ण गोल फिरतात. पहिला घाणा. भाईंची, जपणे. दोन: अक्षरं पांढरी, फक्त खालच्या बाजूला. कोन. तीन: डावीकडे चौकटीत स्टिरिओ.'

मी आधी घरात राहिलेली स्वच्छ रेकॉर्ड काढली. डावीकडे चौकट. मग चादरींखालची काढून खिडकीशी नेली. हळदीच्या खालून रुपेरी अक्षरं गोल फिरत होती, पूर्ण. म्हणजे भाईंना मी कोनची दिली होती.

मग आणखी एक शहाणपणा केला. ओल्या कापसाने कुंकू टिपायला गेले, तर कुंकवाबरोबर अक्षरंही कापसावर आली. कडेचा अर्धा गोल गेला. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, लपवत नाही, की आता ही पहिली आहे हे ओळखणार कोण? वहीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शंका असल्यास लेबलबाहेरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला नंबर बघावा. पहिल्या घाण्याला शेवटी एक असतो.' रेकॉर्ड तिरपी धरली. एक होता. तो काही कापसाने जाणारा नव्हता.

तरी मी गेले नाही. दिवसच्या दिवस काढले. मासळी बाजारात भाई दिसले की मला अचानक सुकट घ्यायची आठवण व्हायची आणि मी दुसऱ्या गल्लीत वळायची. ईद आली. दर वर्षीसारखा भाईंकडून शीरखुर्म्याचा डबा आला. तो डबा घासून पंधरा दिवस ओट्यावर पडून होता. रिकामा परत द्यायचा नाही, आणि भरून द्यायचा तर स्वतः जायला हवं. शेवटी एका दुपारी त्यात चिवडा भरला, रेकॉर्ड पिशवीत घातली आणि गेले.

भाई गॅलरीत पेपर वाचत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "भाई, मी तुम्हाला चुकीची दिली. तुमची ही."

"ठाऊक आहे, वहिनी. बसा."

"ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी कळलं. लेबल बघितलं ना. तुमच्या साहेबांनीच तर शिकवलंय मला, डोकं खाऊन खाऊन."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? वाटलं, साहेबांची सगळ्यात आवडती म्हणून तुम्हाला तीच ठेवायची असेल. विधवेच्या हातातून ओढून घेऊ का?"

मग मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, कापूस, चादरी. भाईंनी रेकॉर्ड बाहेर काढली, सोललेल्या लेबलवरून बोट फिरवलं. मला वाटलं त्यांना कागदाचं वाईट वाटतंय.

"म्हणजे कुंकू होतं म्हणून दिली नाहीत?"

"हो. म्हटलं तुम्हाला, लेकीला..."

"वहिनी, किती वर्षं दसऱ्याला तुमच्या हातून आपट्याची पानं घेतोय मी? माझी बायको संक्रांतीला तुमच्या स्वयंपाकघरात बसून तिळाचे लाडू वळायची. तुमच्या घरात कुंकू असतं हे आम्हाला आज कळलं का?" आवाज चढला नव्हता. "खराब झाली असं सांगितलं असतंत तर काही वाटलं नसतं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

मग विचारलं, "लेकीला काय सांगितलंत मग?"

"सांगितलं, सापडत नाहीये. वहिनी शोधतायत."

माझ्यासाठी हा माणूस पोटच्या पोरीशी खोटं बोलला होता. ते उठून आत गेले आणि मी दिलेली रेकॉर्ड घेऊन आले. आमच्याच घरातली पिशवी, तिला मी मारलेली गाठसुद्धा तशीच.

"वाजवली नाहीत?"

"दुसऱ्याची कशी वाजवणार? बदलायला याल म्हणून ठेवली होती." मग आपली रेकॉर्ड परत माझ्या पिशवीत घालत म्हणाले, "ही मी नाही नेऊन देणार. रविवारी रोडपालीला तुम्हीच चला, तुमच्या हाताने द्या तिला. आणि काय झालं ते तुम्हीच सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

आज शुक्रवार. भांडी घासताना, पोळ्या लाटताना मी त्या मुलीला काय सांगायचं ते जुळवून बघते. दर वेळी माझी सुरुवात कुंकवापासून होते, कारण ते सोपं आहे. कुंकू श्रद्धेने लावलं होतं, त्याची माफी मागायला जीभ अडत नाही. तिच्या आईची वस्तू त्यांच्या घरी चालेल की नाही हे मी परस्पर ठरवून टाकलं, हे कसं सांगायचं ते अजून जमलेलं नाही.