लाल शाईची ओळ

जळगावच्या एका दवाखान्यात मी नोंदणीच्या खिडकीवर बसते. दुसऱ्या दवाखान्यांतून आलेल्या जुन्या फाइलींमधला कोणता कागद कोणाचा, हे जुळवायचं माझं काम. त्यात मी फार हुशार आहे, असं मला परवापर्यंत वाटायचं.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भडगावच्या दवाखान्यातून तिची फाइल आली आणि पाठोपाठ मावशीचीही. मावशी आईची थोरली बहीण आणि थोरली जाऊसुद्धा. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. आडनाव एक, गाव एक, फोन माझाच आणि आधारकार्डावर अंदाजाने टाकलेली जन्मतारीखही एकच. संगणकाने विचारलं, या दोघी एकच का? मी तोऱ्यात ‘वेगळ्या’वर बोट दाबलं. मशीनला काय कळतंय माझ्या घरातलं!

मावशीच्या फाइलवर लाल शाईत एक ओळ होती. एक इंजेक्शन हिला देऊ नये, रिॲक्शन आली होती. ती ओळ मी मावशीच्या नावावर नीट चढवली. मग आईला विचारलं, “तुला कुठलं इंजेक्शन बाधतं का गं?”

“मना कागदवर तसं काही नही,” आई म्हणाली. मीही ‘नाही’ लिहून मोकळी झाले.

आईला आत नेलं. मावशी माझ्या खिडकीपाशी येऊन बसली. तिला अक्षर येत नाही, पण रंग कळतो. आईची जुनी फाइल तिने उलटसुलट करून पाहिली.

“हाई कागदवर लाल कसं नही?”

“ते लाल तुझं आहे मावशी. तुला ती सुई चालत नाही.”

“माले काय व्हस? त्या दिन आम्ही दोन्हीस्ना एकच नंबर काढेल व्हता, मना नाववर. सुई टोची तुनी मायले. तीच पडनी व्हती.”

मी खिडकी तशीच सोडून धावले. जिने कशी चढले ते आठवत नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या एवढं आठवतं. सिस्टरने तीच सुई भरली होती, अजून टोचली नव्हती.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली आणि मी तिच्यावर चिडलेच. “कागदावर नाही म्हणून अंगात नाही का?”

“अक्काना कागदवर शे ना,” ती शांतपणे म्हणाली. “घरमा लिखेल शे, मंग?”

या बायकांपुढे मी हात टेकले. आणि त्या क्षणी दोघी मला इतक्या आवडल्या की रडूच आलं. दुसऱ्या दिवशी लाल ओळ आईच्या नावावर घेतली आणि मावशीला सांगितलं, आता तुझा कागद साफ. इतकी वर्षं डॉक्टर तिला ती सुई टाळून दुसरी कडू औषधं देत होते. “तू एकदाही का बोलली नाहीस?” मी विचारलं.

“मी बोलनू ते, डॉक्टर लाल ओळ खोडी टाकी,” मावशी म्हणाली. “मंग तुनी मायनं कोठे लिखेल राही?”