सहावा नियम

माझं मराठी चांगलं आहे. हे मी स्वतःच आधी सांगून टाकते, कारण पुढं जी फजिती झाली ती त्याच्यामुळंच झाली. चहा घ्या आणि ऐका. मधेच हसलात तरी चालेल, सगळे हसून झालेत.

डोंगरकड्याच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले तशी माझी भाची पल्लवी घरी आली. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं एक वेबसाइट काढायचं ठरवलं होतं. हिंगोली जिल्ह्यातले शिंपी, मेकॅनिक, मंडपवाले, बँडवाले, सगळ्यांची एक यादी. ज्याला काम असेल त्यानं मोबाईलवर बघावं आणि फोन लावावा.

"मावशी, लोक नोंदी पाठवतील, पण काय लिहायचं ते त्यांना समजलं पाहिजे," ती म्हणाली. "तू नियम लिहून दे. एकदम स्पष्ट."

आता मला कोणी 'स्पष्ट' म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. आठ दिवस बसले. 'सदरहू' काढला, 'उपरोक्त' काढला, 'तत्संबंधी' तर मुळापासून उपटला. शेवटी सात नियम राहिले, प्रत्येक एका ओळीचा. नाव लिहा. गाव लिहा. काम काय करता ते लिहा. स्वतःची स्तुती करू नका. असे. आणि सहावा होता, 'काही कमी असल्यास तसे मोकळेपणाने लिहावे.'

पल्लवी वाचत वाचत सहाव्याशी थांबली. "मावशी, कमी म्हणजे काय कमी?"

"अगं, माहितीत कमी. कोणाकडं फोन नसेल, कोणाचं दुकान ठरावीक जागी नसेल, तर तसं लिहावं."

"मग तसंच लिहू या ना."

"वाक्य लांबतं. वाचणाऱ्याला कळतं ते."

पोरीनं आहे तसंच टाइप करून घेतलं. मोठ्या माणसांचा मान ठेवणारी आहे, हाच तिचा दोष.

नियमांचे कागद मी स्वतः बाजारात वाटले, सेनगावला आणि औंढ्याला पाठवले. नोंदी यायला लागल्या. पल्लवी म्हणाली, यादीत टाकायच्या आधी तू एकदा नजर फिरव. मी म्हणाले, "नियम इतके साफ असताना तपासायचं काय? टाक सरळ." बघा, ही दुसरी चूक. पहिली तुम्हाला दिसलीच असेल. मला दिसली नव्हती.

औंढ्याला एका मंगल कार्यालयात यादीचा पहिला कार्यक्रम ठेवला. ज्यांनी नोंदी पाठवल्या ते सगळे घरच्यांना घेऊन आले होते. मोठा पडदा लावला होता. पल्लवीनं मला दोन शब्द बोलायला सांगितले, मी वीस मिनिटं बोलले. सोप्या भाषेचं महत्त्व या विषयावर. शेवटी म्हणाले, "शब्द असा लिहावा की त्याचा दुसरा अर्थ निघूच नये." टाळ्या पडल्या. मी खाली बसले आणि पडद्यावर पहिली नोंद आली.

गंगाबाई, डोंगरकडा. ब्लाऊज शिवते. कमी : सांगितलेल्या तारखेला देणं होत नाही. लग्नसराईत तर विचारूच नये. बाह्या घट्ट होतात, पण बाया जाड होऊन राहिल्या त्याला मी काय करू.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, एखादीनं गंमत केली असेल. पल्लवीनं घाईघाईनं दुसरी नोंद लावली.

युसूफभाई, सेनगाव. पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग. कमी : एका कानानं ऐकू येत नाही. मोटार चालू झाली का ते गिऱ्हाइकानं खुणेनं सांगावं.

तिसरी बँडची होती. कमी : चारच गाणी येतात, त्यातलं चौथं अजून बसलेलं नाही. चौथी मंडपवाल्याची. वारं आलं की मंडप एका बाजूनं उठतो, आतापर्यंत कोणाला लागलं नाही. पल्लवी नोंदी पुढं ढकलत होती आणि सगळं कार्यालय पोट धरून हसत होतं. तिथं दडायला एक खांबसुद्धा नव्हता.

तेवढ्यात गंगाबाई उठून उभ्या राहिल्या. त्या हसत नव्हत्या.

"काहून हसता? बाईनंच लिवलं व्हतं ना, काही कमी असलं तर लिवा म्हणून? मी दोन दिस इचार करून लिवलं. सासूबाईला बी इचारलं. त्या म्हणल्या, तुझं तर लई हाय, एका कागदात मावायचं न्हाई."

युसूफभाईंना शेजारच्यानं काय चाललंय ते चांगल्या कानात सांगितलं. तेही उठले. "बाईंनी सांगितलं, आमी बराबर तसंच लिवलं. काही तकलीफ हाय का?"

मला उठावंच लागलं. माईक हातात घेतला. "तकलीफ तुमची नाही, माझी आहे," मी म्हणाले. "कमी म्हणजे मला म्हणायचं होतं, माहितीत काही कमी असेल तर. फोन नंबर वगैरे."

गंगाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "मंग तसं लिवायचं ना, बाई."

तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईनं नेमकं हेच लिहीत आले होते.

पल्लवी म्हणाली, "मी आजच सगळ्यांचं ते काढून टाकते." तर गंगाबाईच आडव्या आल्या. "राहू द्या. खरं हाय ते. येणारी बाई निदान महिनाभर आधी तरी येईल." युसूफभाईंनी मान हलवली. बँडवाले म्हणाले, चौथं गाणं बसलं की तेवढं कमी करा. एकानंही ओळ काढू दिली नाही.

आणि मग काय झालं माहिती आहे? फोन सुरू झाले. लोक म्हणायचे, जो स्वतःचं उणं आधी सांगतो तो फसवणार नाही. गंगाबाईंकडं कळमनुरीहून बाया यायला लागल्या, महिनाभर आधी. युसूफभाईंकडं गिऱ्हाईक आलं की स्वतःच खुणा करायला लागलं. माझ्या माणसांचा मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, थोडा नियमाचाही वाटला. 'चुकून का होईना, लिहिला मीच,' असं मी चार घरी सांगून आले.

त्याच भरात मीही माझी नोंद टाकली. अर्ज, पत्रं, लग्नपत्रिका सोप्या मराठीत लिहून मिळतील. कमीच्या रकान्यापुढं बराच वेळ बसले. काही सुचेना. कोरा सोडला.

पंधरा दिवस कोणाचा फोन नाही. मग एक आला, सेनगावच्या एका आजोबांचा.

"बाई, साऱ्या यादीत तुमच्याच नावापुढं कमी काही न्हाई. मला जरा भ्या वाटलं. खरं काय हाय ते सांगता का?"

मी म्हटलं, आता मोकळेपणानं सांगावंच. सहाव्या नियमापासून सुरुवात केली. पल्लवीचं ऐकलं नाही, नोंदी तपासल्या नाहीत, वीस मिनिटं भाषण ठोकलं, अर्थाचा अनर्थ झाला, सगळं सांगितलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"व्हय व्हय," ते म्हणाले. "एवढं त्या रकान्यात मावलं नसतं, म्हणून कोरा सोडला म्हणा की."