जपून ठेवलेला कचरा

लोणावळ्यात आमच्या हॉटेलचं बुकिंग सांभाळणारे भाऊ जवळच्या औंढे गावाहून येतात. आलेला एकही मेल ते डिलीट करत नाहीत. लॉटरी लागली, कर्ज घ्या, वजन घटवा, असले सगळे मेल त्यांनी वर्षानुवर्षं एका फोल्डरात जपलेत. मी मॅनेजर, त्यांना त्यावरून भरपूर हसलोय.

त्या कचऱ्यात पाहुण्यांच्या चौकश्या हरवायला लागल्या, तेव्हा नवा स्पॅम फिल्टर आणला. त्याला शिकवायला जुने मेल लागतात म्हटल्यावर भाऊंची छाती फुगली. त्यांनी अख्खं फोल्डर त्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी फिल्टरनं पाहुण्यांसकट सगळंच कचऱ्यात टाकलं.

भाऊंचा चहा गार झाला. मग म्हणाले, "चूक माजीच. नुसतं खडं दावल्यावर तांदूळ कसा कळंल त्याला?"

आठवडाभर त्यांनी पाहुण्यांचे जुने मेलही एकेक करून दाखवले.

सोमवारी इनबॉक्स उघडला. अकरा मेल, अकराही पाहुण्यांचे! भाऊंनी टेबलावर थाप मारली. "निवडलं का न्हाई बेट्यानं?"

"पण मी रोज सगळ्या स्टाफला मेलवर पाठवतो तो सुविचार कुठंय?" मी विचारलं.

भाऊंनी कचरा उघडून दाखवला.

"आईच्यान सायेब, ह्ये मी न्हाई शिकवलं. त्याचं त्यालाच कळलं."