आत्याबाईंचा पाय

या ग्रुपवरचे अनुभव माझी नात मला दुपारी वाचून दाखवते आणि मी पोट धरून हसते. पांढरी साडी, पायात पैंजण, घाटाच्या वळणावर गाडीला हात करणारी बाई... मेल्यावर बायकांना एवढा रिकामा वेळ मिळत असेल तर बरंच आहे म्हणायचं. भूतखेत, करणी, भानामती यातलं मी काही मानलं नाही आणि आजही मानत नाही. तेव्हा "आजी, घरात धूप जाळा" असले सल्ले खाली कोणी लिहू नयेत. सांगतेय मी, टाइप करतेय नात. तिच्या चुका तिच्या.

गोष्ट परभणी जिल्ह्यातली. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं माहेर पूर्णेचं, वडील रेल्वेत होते, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं, स्टेशनावर येणारं वर्तमानपत्र मी रोज वाचायचे. आणि अशा मुलीला दिली कुठे, तर गंगाखेडहून बैलगाडीनं अर्धा दिवस लागेल अशा गोदाकाठच्या एका गावात! गावाचं नाव सांगत नाही. आमची माणसं अजून तिथे आहेत आणि त्यांना भांडायला निमित्तच हवं असतं. घरात मी, माझे यजमान आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. जमीन भरपूर, माणसं तीन आणि हुकूम एकटीचा.

आत्याबाई पायाळू होत्या. म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आलेल्या. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. दर शनिवारी सकाळी आमच्या अंगणात वाकडीतिकडी झालेली माणसं जमायची. आत्याबाईंकडे पाठ करून उभी राहायची. त्या मागून तीनदा पाय लावायच्या, हलकेच, एक शब्द न बोलता. मग ती माणसं कमरेला हात लावून "उतरली, उतरली" म्हणत जायची. न उतरून सांगतात कोणाला? फुकटची लाथ खाल्ली होती ना! सासूच्या लाथेसाठी रांग लावणारं गाव मी तेवढंच पाहिलं. मला ती रांगेशिवाय, नुसत्या जिभेनं रोज मिळत होती.

माझा मुलगा झाला आणि त्यानंतर काही महिन्यांत ते दुखणं सुरू झालं. बेंबीच्या उजवीकडे, बोटाच्या पेराखाली झाकेल एवढीच जागा. आत आतड्यात नाही, वरच, कातडीच्या खाली. तिथे लुगड्याची गाठ लागली की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. शिंक आली, घागर उचलली, बाजेवरून उठायला गेले की तिथून कळ निघायची ती थेट कमरेपर्यंत. पोराला कडेवर घ्यायची सोय उरली नाही. ताप नाही, सूज नाही, वांती नाही. आणि जे दिसत नाही ते दुखणं बाईचं असलं की ते नसतंच, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग माझ्या पोटाची जत्रा सुरू झाली. येईल त्यानं बोट खुपसायचं. गंगाखेडच्या वैद्यबुवांनी वायू म्हणून सांगितलं आणि असं चूर्ण दिलं की मी दोन दिवस परसाकडेच राहायला गेले. मानवतच्या बाजूचा एक भगत आला. त्यानं करणी ओळखली, पोटाला तुंबडी लावली, चोखलं आणि तोंडातून एक केस काढून दाखवला. केस पांढरा होता. माझी वेणी तेव्हा काळीभोर, गुडघ्यापर्यंत. पण ते कोणाला दिसलं नाही, सगळे हात जोडून उभे! शेजारच्या कोंडाबाईनं विळा लाल करून डाग दिला, तो डाग आजही आहे. शेवटी परभणीला सरकारी डॉक्टरकडे गेलो. त्यानं पोट दाबलं, मी किंचाळले, आणि तो माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "कुछ नहीं है जी, वहम है." ह्यांनी मान डोलावली. मान डोलावणं ही आमच्या ह्यांची मोठी कला होती. डॉक्टरपुढे, आईपुढे, बैलापुढेसुद्धा.

परत आल्यावर आत्याबाईंना भलता जोर चढला. विहिरीवरच्या बायकांसमोर त्या माझी नक्कल करायच्या. पोटाला हात, वाकलेली कंबर, "अगं आई गं, गाठ लागली गं"... आणि हुबेहूब! बायका फिदीफिदी हसायच्या.

"आमी काय लेकरं काडली न्हाईत? दुसऱ्या दिशी खुरप्याला गेलाव. हिचं सोंग हाय समदं. काम टाळायलीय."

एका शुक्रवारी त्यांनी फैसला सुनावला. "हिला हिच्या बापाकडं घालून ये. बरी झाली तर यील. लेकरू इथंच ऱ्हाईल, माझ्यापशी." ह्यांनी मान डोलावली.

बरी झाली तर! दोन वर्षं कोणाला बरी करता आली नव्हती. म्हणजे मुलगा गेलाच म्हणायचा. मी रडले नाही, मला संताप इतका आला होता की रडूच फुटेना. आणि त्या संतापात मी एक गोष्ट ठरवली. इतके दिवस खरं बोलून काय मिळवलं? आता खोटं बोलायचं. आत्याबाईंचा पाय लावून घ्यायचा, "उतरलं" म्हणायचं आणि पोराजवळ राहायचं. कळ आली तर दात आवळायचे.

शनिवारी सकाळी गाडी जुंपून दारात उभी होती. मी अंगणात रांगेत जाऊन उभी राहिले. बाया-माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझी पाळी आली तशी मी रीतीप्रमाणे पाठ केली.

"हिकडं तोंड कर," आत्याबाई म्हणाल्या.

मी वळले.

"दुखनं पुडं हाय नव्हं? मग लाथ मागं कशाला? बगू दे समद्यांला तुजं सोंग!"

कोंडाबाई ओरडली, "ए बाई, पोटाला पाय लावू नगं! पायाळूचा पाय पाठीलाच लावत्यात, आन् रागानं तर न्हाईच न्हाई!" पण आत्याबाईंना राग आला की देवाचंही ऐकायची सवय नव्हती. ओट्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी पाय उचलला आणि माझ्या पोटावर टाच दाबली. कुठे? बरोबर त्या पेराएवढ्या जागेवर. मी ती जागा त्यांना कधी दाखवली नव्हती. भगतापुढे आणि विळ्याच्या वेळी त्या दारातसुद्धा आल्या नव्हत्या, सुनेचं पोट बघायची किळस म्हणून.

मी किंचाळायला तोंड उघडलं... आणि किंचाळायला काही कारणच नव्हतं. टाच जाणवत होती, टाचेची भेग जाणवत होती. दुखत नव्हतं. मी खोटं बोलायची एवढी तयारी केली होती, ती सगळी वाया गेली!

आत्याबाईंनी पाय खाली घेतला आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. चेहरा पांढराफटक. "काय झालं?" म्हणून ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. बैल सोड." मी धावत जाऊन पोराला उचललं आणि कडेवर घेतलं. रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मूर्ख कुठला.

चार-आठ दिवसांनी मला दिसलं, की आत्याबाई लुगड्याची गाठ डावीकडे सरकवून, पार खाली बांधतात. मी तशीच बांधायचे. बाजेवरून उठताना आधी डाव्या कुशीवर वळतात, मग हाताचा रेटा देऊन उठतात. मी तशीच उठायचे. मला वाटलं, नक्कल चाललीय! बरी झाले तरी हिची हौस फिटली नाही. माझं डोकं फिरलं. पण नंतर एकदा त्या गोठ्यात एकट्या होत्या. मी बाहेर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना शिंक यायला लागली, तशी त्यांनी घाईनं उजवा गुडघा वर घेतला आणि मांडीनं पोट दाबून धरलं. ही युक्ती माझी होती, लपून करायची. ती मी जन्मात कोणाला दाखवली नव्हती. नक्कल करायला आधी बघावं तरी लागतं ना?

माझ्या मांडीवर त्या वेळी मूल होतं. मी ते घट्ट धरून तिथेच बसून राहिले.

त्या कोणाला बोलल्या नाहीत. बोलणार कशा? दोन वर्षं ज्याला सोंग म्हटलं ते आता कोणत्या तोंडानं सांगायचं! शनिवारची रांग मात्र त्यांनी बंद केली. माणसं यायची, त्या शिव्या देऊन हाकलायच्या. गाव म्हणालं, म्हातारीला माज आला.

पुढच्या वर्षी ज्वारी निघाली त्या दिवसांत आम्ही दोघी दुपारी ओसरीवर डाळ निवडत होतो.

"कुसुम," त्या म्हणाल्या. एरवी मला "ए" एवढंच नाव होतं. "तू कसं काडलीस गं दोन सालं? नुसतं चिरगुट लागलं तर जीव जायलाय माजा."

"तुमच्या शिव्या ऐकत काढली."

त्या हसल्या आणि हसता हसता दुमडल्या. मी त्यांचा हात धरून त्या जागेवर तळवा सपाट दाबला. "हसायच्या आधी दाबायचं, आत्याबाई. नंतर उपयोग नाही."

बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास सरळ झाला. "खरंच दुखत हुतं की गं तुला," त्या म्हणाल्या.

एवढंच वाक्य. वैद्य, भगत, डॉक्टर, नवरा, आईबाप... एकाच्या तोंडून ते निघालं नव्हतं आणि निघालं कोणाच्या, तर हिच्या. मी ढसाढसा रडले. राग तर आलाच होता, पण रडू त्याच्यापेक्षा मोठं होतं.

गंगाखेडकडे एक पायाळू माणूस आहे, त्याचा पाय लावून घेऊ, असं मी सुचवलं. त्या ताडकन म्हणाल्या, "आन् त्येला लागलं मंजी? कुनाच्या तरी लेकराच्या बापाला? ऱ्हाऊ दे."

त्या वर्षी पाडव्याला मी नमस्काराला वाकले तर त्यांनी पाय झटकन लुगड्याखाली ओढून घेतले. "माज्या पायाला हात लावायचा न्हाई. कंदीच न्हाई." चारचौघांत म्हणाल्या. कोंडाबाईनं गावभर केलं, की सासू सुनेला पायासुद्धा पडू देत नाही, एवढा दावा आहे. होय तर, दावाच!

त्यांनी ते दुखणं वर्षानुवर्षं काढलं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यात त्या तापानं गेल्या. शेवटच्या दिवशी शुद्ध जात-येत होती, ह्यांनाही ओळखत नव्हत्या. मी पायथ्याशी बसले की मात्र पाय गोधडीत पोटाशी घ्यायच्या.

त्यांना न्हाऊ घालून अंगणात ठेवलं. सगळ्या बाया पाया पडल्या. कोंडाबाईनं माझी मान दाबली, "पड की गं, आता तरी पड!" मला ते पाय इतके धरावेसे वाटत होते की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. सासूच्या मढ्याच्याही पाया पडली नाही म्हणून त्या गावात आजही माझं नाव घेतात. घेऊ देत. त्या गावाला दुसरं काम तरी काय आहे?

माझा नातजावई डॉक्टर आहे. तो म्हणतो, पोटाच्या स्नायूंत नस अडकते, त्यानं असं दुखतं, दाब पडला की कधी सुटतेही. असेल. मग माझी सुटलेली नस आत्याबाईंच्या पोटात कशी अडकली, असं विचारलं की त्याला नेमका फोन येतो. मलाही ते सांगता येत नाही, पण मी निदान फोन आल्याचं सोंग करत नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी त्यांचे पाय धरले नाहीत, आणि माझं पोट आजतागायत दुखलेलं नाही.