वाटीएवढं वादळ, परातीएवढं वादळ

माझ्या बायकोएवढी वादळं ओळखणारी बाई आमच्या धावडा गावात दुसरी झाली न्हाई आन् होणार न्हाई. समुद्र तिनं फक्त टीव्हीत पाहिला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढली. आभाळ धुतल्यावाणी निळं. मी घामाघूम. म्हणलं, "कशाला जीव खाऊन राह्यली? एक ढग तरी दाखव." तर म्हणे, "ढग दिसल्यावर तं बकरीला बी कळतं. तुम्ही ते टोक धरा बराबर."

एका साली गंजीतच सोयाबीनला कोंब फुटले, तेव्हापासून तिला हे लागलं. बंगालच्या उपसागरात कुठं वारं गरगरलं की हिचा पाय घरात ठरत नसे. टीव्हीवरचा माणूस वाऱ्याचा वेग सांगायचा आन् ही त्याच्यावरच खेकसायची, "वारा ऱ्हाऊ दे रे, केवढं पसरलं ते सांग." तिचं म्हणणं, आखडलेलं वादळ किनाऱ्यावरची घरं पाडंल, पण आपल्यापर्यंत येणार न्हाई. ढिलं, पसरट वादळ तिकडंच मरतं, पण त्याचं पाणी आपल्या गंजीत घुसतं. मापं सारी चुलीजवळची: वाटी, ताट, परात. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, "काकू, आज वाटी का परात?" वाटी असली तर मला भाकरी मिळायची. परात असली की भाकरी तव्यावर करपायची आन् ही दारोदार, "झाका गं, झाका!"

राजूरला शेजाऱ्याच्या पोराचं लग्न होतं. हिनं आचाऱ्याची भट्टी उचलून पत्र्याखाली, नवरदेवाच्या शेजारी आणायला लावली. धुरानं नवरदेव नवरीच्या आधी रडला. पाऊस थेंबभर न्हाई. त्याचा बाप म्हणला, "वहिनी, कुठं गेली तुमची परात?" ही म्हणली, "न्हाई आली. वाईट वाटून राह्यलं का?"

त्या शेवटच्या दिवशी आमची गंजी झाकून येताना अंधारलं होतं. "परात हाय," म्हणली, "सकाळी साऱ्यायला सांगते." पहाटे छातीत कळ आली. गाडी येईस्तोवर सगळं संपलं.

सकाळी गल्ली अंगणात जमली. बाया गळा काढून रडायल्या. आभाळ अजून निळंच होतं, आन् साऱ्यायच्या गंज्या उघड्या. मी उठलो आन् ओरडलो, "रडायला मंग या. आधी गंज्या झाका. परात हाय म्हणली ती."

कुणी हलंना. माझं डोकं फिरलं असं वाटलं असंल त्यायला. शेजारीण म्हणली, "काका, काकूला असं टाकून कसं जावं?"

"ती आता कुठं चालली? तुम्ही निघा, जल्दी."

गेले सारे, पदरानं डोळे पुसत. पाऊस दुपारी आला, पण ते नंतरचं. मी तिच्याजवळ खाली बसलो. लग्न झाल्यापासून ती इतका वेळ माझ्याजवळ एका जागी कधी थांबली नव्हती.