सुभानरावांची व्याहीभेट

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुभानरावांनी उभा जन्म पंपांची गळती बंद करण्यात घालवला. कुठं थेंब दिसला की पोरं म्हणायची, "सुभानकाकांना बोलवा." आणि देवाची थट्टा बघा, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ह्याच माणसाचा लघवीवरचा ताबा सुटला.

डायपर लागल्यापासून ते पार मिटून गेले. भजन बंद, बागेतल्या गप्पा बंद. येसूबाई बायको असून तिलाही जवळ येऊ देईनात. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरासारखे इकडंतिकडं बघत स्वतःच टाकून यायचे. जुन्या शिलेदारांचं घराणं ना! मोडेन पण वाकणार नाही.

अशात लेकीचा, राजेश्वरीचा साखरपुडा ठरला. सगळा कार्यक्रम होईस्तोवर बैठकीवर बसायचं आणि शेवटी व्याहीभेट, म्हणजे दोन्ही बापांनी चारचौघांत उराउरी भेटायचं. एकट्या डायपरनं एवढा वेळ निभणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बडोद्यात कुणी ओळखेल म्हणून थेट वाघोडियाला गेले आणि बूस्टर पॅड घेऊन आले. डायपरच्या आत ठेवायची जादा शोषणारी घडी, एवढंच ते. उलटून पाहतात तर पाठीला प्लॅस्टिकच नाही!

"वॉशर न घालताच जोड दिलाय की लेकांनी," असं पुटपुटत फिटरबुवांनी प्रत्येक पॅडच्या पाठीला रुंद चिकटपट्टी मारली. अहो, बूस्टर भरला की उरलेलं खालच्या डायपरात उतरावं म्हणून तर ती पाठ उघडी असते! पण हे विचारायचं कुणाला? विचारायचं म्हणजे आधी सांगणं आलं.

व्हायचं तेच झालं. अंगठ्या घालून होतात न होतात तोच सुभानरावांना मांडीखाली ऊब जाणवली. खालचा डायपर कोराच, आणि पाणी कडेनं बैठकीच्या पांढऱ्या चादरीवर. त्यांची कानशिलं तापली. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात मुलाचे वडील मोहनराव हात पसरून समोर आले. "या वेवाई, भेटा!" बडोद्याच्या गुजराती वळणानं त्यांनी व्याह्यांना साद घातली.

सुभानराव उठेनात.

मोहनराव तसेच उभे. मागून कुणीतरी कुजबुजलं, "एवढा ताठा?" मोहनरावांचे हात हळूहळू खाली आले, चेहरा उतरला. राजेश्वरीनं बापाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

ते मात्र सुभानरावांना बघवेना. इतके दिवस बायकोपासून लपवलेलं त्यांनी मान खाली घालून, अगदी बारीक आवाजात सांगून टाकलं, "मोहनराव, ताठा नाही हो. मला... मला लघवी आवरत नाही. मी भिजलोय. कसा उठू?"

जवळच्यांनी ऐकलं. येसूबाईंनी तोंडाला पदर लावला. सुभानराव चादरीकडं बघत राहिले. आता मान वर करायची नाही, जन्मात नाही.

"अहो, मग बसून भेटू की," मोहनराव म्हणाले. गुडघे धरत, कण्हत ते खाली टेकले, सुभानरावांना अगदी खेटून, आणि त्यांना घट्ट मिठी मारली.

"सरका हो, ओलं आहे," सुभानराव रडवेले होऊन म्हणाले.

मोहनरावांच्या कोऱ्या सुरवारीलाही ओल लागत होती. ते सरकले नाहीत.